एक वरचं मॉडेल

शर्मिष्ठा करंदीकरचा नवा कीबोर्ड हॉलच्या दारातून आत आला तेव्हा त्याचं एक टोक नलिनी परबनेच धरलं होतं. बॅग जड होती. "सांभाळून हं नलिनीताई," शर्मिष्ठा म्हणाली, आणि नलिनी म्हणाली, "अहो मला सवय आहे." ते खरंच होतं. अठरा वर्षं ती स्वतःचा कीबोर्ड असाच उचलून आणत होती.

हा हॉल म्हणजे दहिसर पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीचा तळमजला. दर बुधवारी दुपारी तीन ते साडेपाच तिथे सात-आठ बायका गायला जमतात. मंडळाला नाव ठेवायचं कितीदा तरी ठरलं, पण एकमत झालं नाही. त्यामुळे आजूबाजूचे लोक त्यांना बुधवारवाल्या म्हणतात, आणि आता त्याही स्वतःला तेच म्हणतात. निवृत्त शिक्षिका वसुधाताई कार्यक्रम ठरवायच्या आणि निवेदन करायच्या, बाकीच्या गायच्या. वाजवणारी एकटी नलिनी.

नलिनी अठ्ठावन्न वर्षांची. वडील गिरणीत होते आणि संध्याकाळी भजनात पेटी वाजवायचे. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसून ती शिकली, क्लास असा कधी लावलाच नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लवकर निवृत्ती घेतली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली. घरात ती आणि नवरा दशरथ. तो मरोळच्या एका छापखान्यात सुपरवायझर आहे. तिच्या कीबोर्डला तो 'तुझी म्हैस' म्हणायचा, कारण तो काळा होता, अवजड होता आणि जिथे ठेवाल तिथून हलायचा नाही.

म्हैस आता म्हातारी झाली होती. वरच्या दोन पट्ट्या दाबल्या तरी बोलायच्या नाहीत. पडद्याचा अर्धा भाग काळा पडला होता, त्यामुळे कोणता ताल लावलाय ते नलिनीला बटणांच्या जागेवरून पाठ करावं लागलं होतं. तरी डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकत्र, धरली की मागे ढोलकी, बेस, गिटार असं सगळं वाजायला लागायचं आणि बुधवारवाल्यांना तेवढं पुरायचं. बसक्या आवाजाची असली तरी ती ढोलकी नलिनीने स्वतः बसवलेली होती, एकेक ठोका बोटाने वाजवून.

शर्मिष्ठा नवीन टॉवरमध्ये राहायला आली होती. मूळची मुलुंडची, नवरा चार्टर्ड अकाउंटंट, स्वतः बँकेत ऑफिसर होती. लहानपणी पियानो शिकलेली. आली तेव्हा म्हणाली, "मी नुसती ऐकायला येत जाऊ का?" महिनाभर ती खरोखर कोपऱ्यात बसून ऐकत राहिली. मग मुलाने वाढदिवसाला कीबोर्ड दिला आणि तिने विचारलं, "एकदा आणून दाखवू?"

तिने तो स्टँडवर ठेवला, चालू केला, आणि पुस्तकाएवढा रंगीत पडदा उजळला. पडद्यावर बोट ठेवलं की तालांची यादी वर सरकायची. तिने एक साधी कॉर्ड धरली आणि हॉलमध्ये ढोलकी वाजली. स्पीकरमधून आल्यासारखी नाही. कुणीतरी घाम गाळत समोर बसून थाप मारतंय अशी. मागोमाग व्हायोलिनं आली, तीही दहा-बारा जण एकत्र वाजवतायत अशी.

"बाप रे!" अपूर्वा ओरडली. ती मंडळातली सगळ्यात लहान, तिशीची, आणि मनात येईल ते तोंडावर आणणारी. "शर्मिष्ठाताई, झकास! हे तर रेकॉर्डिंगसारखं वाटतंय यार."

सगळ्या खुर्च्या ओढून जवळ गेल्या. नलिनीही गेली. हसली. म्हणाली, "छान आहे हो." तिने मागे वळून बघितलं तर तिचा स्वतःचा कीबोर्ड भिंतीपाशी उघडा पडला होता आणि त्यावर कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती.

त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही. नुसतं होत गेलं. पहिल्या बुधवारी अपूर्वाने एक गाणं शर्मिष्ठाबरोबर म्हणून बघितलं. दुसऱ्या बुधवारी तिघींनी. तिसऱ्या बुधवारी वसुधाताई फार जपून म्हणाल्या, "नलिनी, तू उगाच ते ओझं कशाला आणतेस गं प्रत्येक वेळी? एक आहेच की इथे. तू तालमीकडे लक्ष दे. कुणाचं कुठे चुकतंय ते तुझ्याएवढं कुणाला कळतं?"

हे कौतुक होतं आणि हकालपट्टीही. नलिनीने दोन्ही नीट ऐकलं आणि "हो, बरोबर आहे," म्हणाली.

शर्मिष्ठा वाईट असती तर फार बरं झालं असतं. पण ती वाजवताना अडली की सरळ विचारायची, "नलिनीताई, इथे कुठली कॉर्ड?" सांगितलं की वहीत लिहून घ्यायची. घरून करून आणलेल्या खोबऱ्याच्या वड्या पहिल्यांदा नलिनीपुढे करायची. नलिनी त्यातली एक घ्यायची आणि ती चांगली झालीय याचाही तिला राग यायचा. शर्मिष्ठाची बोटं सरळ, लांब होती. तिच्या साड्यांना इस्त्री असायची. ती कॉर्ड चुकायची तेव्हा नलिनीला आतून गोड वाटायचं, आणि पुढच्या क्षणी ती चूक आपल्याशिवाय कुणालाच ऐकू आली नाही हे लक्षात यायचं. मागे एवढी व्हायोलिनं असल्यावर कुणाला काय ऐकू येणार!

सगळ्यात जास्त लागलं ते मालनचं.

मालन सावंत नदीपलीकडच्या चाळीत राहायची. ती आणि नलिनी तीस वर्षांच्या मैत्रिणी. दोघींची गावं कणकवलीकडची, दोघींचे वडील एकाच गिरणीत. मंडळात खरा आवाज मालनचाच होता. पण चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला. पूर्वी ती काळी चारमध्ये गायची, आता पांढरी चारच्या वर गेलं की आवाज फाटायचा. याची तिला भयंकर लाज वाटायची. "कुणाला बोलू नकोस," तिने नलिनीला बजावलं होतं. नलिनी बोलली नाही. मालन उभी राहिली की ती कीबोर्डवरचं एक बटण तीनदा दाबायची. त्या बटणाने सगळे सूर पायरीपायरीने खाली येतात, वाजवणाऱ्याची बोटं मात्र नेहमीच्याच जागी राहतात. चार वर्षं बुधवारवाल्यांना वाटत होतं की मालनचा आवाज ऑपरेशननंतरही तसाच आहे.

आता वाजवणारी बदलली. मालनने नलिनीला हॉलच्या बाहेर गाठून सांगितलं, "शर्मिष्ठाला तूच सांग ना. तीन खाली. तिला एकटीलाच सांग हां."

"तूही तिच्याबरोबर गाणार?"

"मग काय करू? एकटीसाठी तुझी म्हैस आणायला लावू? लोक विचारतील ना, हिचं वेगळं काय म्हणून."

यात चुकीचं काहीच नव्हतं. नलिनीने शर्मिष्ठाला बाजूला घेऊन सांगितलं. शर्मिष्ठाने मान डोलावली, वहीत 'मालनताई, ३ खाली' असं लिहिलं, आणि हळूच म्हणाली, "कुणाला कळणार नाही, काळजी करू नका." नलिनीला वाटलं, आपल्याकडचं शेवटचं काहीतरी आपण स्वतःच्या हाताने देऊन टाकलं.

घरी आल्यावर तिने दशरथला विचारलं, "अहो, नवीन कीबोर्ड घ्यावा का?"

तो पेपर वाचत होता. "घे की. मी कधीचा सांगतोय. ती म्हैस बोलत नाही आता."

"पण खर्च?"

"तुझी पेन्शन, तुझा कीबोर्ड. मला कशाला विचारतेस?" त्याने पेपर खाली केला. "पण आत्ता का? दोन वर्षं वरच्या पट्ट्या गेल्यात, तेव्हा तर तू म्हणायचीस, वर जाऊन करायचंय काय."

पुढचे आठ दिवस ती मोबाइलवर व्हिडिओ बघत राहिली. कुठल्याशा देशातला दाढीवाला माणूस एकेक बटण दाबून दाखवायचा. ती मनात हिशेब मांडायची. जुना दुरुस्त होईल का? सुटे भाग मिळत नाहीत. मधला एखादा घ्यावा? मधला घेतला तर त्या पडद्यासमोर तो खेळण्यासारखा दिसेल. तसाच घ्यावा? मग म्हणतील, शर्मिष्ठाचं बघून घेतला. असा प्रत्येक रस्ता फिरून शर्मिष्ठाच्याच दाराशी यायचा. नवीन वाद्य मिळाल्यावर आपण काय वाजवू, याचा विचार एकदाही आपल्या मनात आला नाही हे तिच्या लक्षात आलंच नाही.

एका शुक्रवारी ती अंधेरीला गेली. स्टेशनपासून जरा आत वाद्यांचं एक दुकान आहे, वरच्या मजल्यावर कीबोर्ड मांडलेले. शर्मिष्ठाचा होता तोच तिने लांबूनच ओळखला. विक्रेता तरुण, सभ्य होता. "बसा ना काकी, वाजवून बघा."

ती बसली. पट्ट्या मऊ होत्या, बोट ठेवताच दबत होत्या. तिने वडिलांच्या भजनातली एक चाल वाजवायला घेतली. मागून सगळा वाद्यवृंद उभा राहिला आणि तिच्या अंगावर काटा आला. क्षणभर ती सगळं विसरली. मग पडद्यावर चुकून बोट लागलं, भजनाच्या मागे एकदम डिस्कोचा ताल सुरू झाला आणि तो कसा थांबवायचा ते तिला कळेना. विक्रेत्याने हात पुढे करून बंद केला.

"होतं असं. दोन दिवसांत सवय होईल. काकी, तुम्हाला कशासाठी हवाय? घरी प्रॅक्टिसला, की कार्यक्रमाला? उचलून न्यायचाय का? त्यावर ठरवू."

साधाच प्रश्न होता. नलिनीच्या तोंडून निघालं, "याच्या वरचं मॉडेल आहे?"

"आहे ना. पण काकी, यातलंच सगळं वापरून होत नाही लोकांचं."

"वरचंच दाखवा."

ते कपाटासारखं होतं. पडदा आणखी मोठा, बटणं आणखी जास्त. तिने ते धड वाजवलंही नाही. नुसता हात फिरवला. शर्मिष्ठा हे बघून काय म्हणेल, अपूर्वा कशी ओरडेल, वसुधाताई काय म्हणतील, ते सगळं तिला तिथे उभ्या उभ्या दिसलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं. "रविवारी आमचा कार्यक्रम आहे," ती म्हणाली. "तो झाला की सोमवारी येते. ठेवून द्या."

तो कार्यक्रम बोरिवलीच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा होता. छोटं सभागृह, दुपारी चारची वेळ, दीडशे माणसं. बुधवारवाल्यांना एवढा मोठा मंच पहिल्यांदाच मिळत होता. सगळ्यांनी मोरपंखी साड्या नेसल्या होत्या. नलिनीकडे गाण्यांची फाइल होती. शर्मिष्ठाच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं, पुढचं पान उलटायचं, क्रम चुकू द्यायचा नाही. त्या जागेवरून कीबोर्डचा पडदा फक्त दोघींना दिसत होता.

सुरुवात छान झाली. अपूर्वाचं गाणं संपलं तेव्हा लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. शर्मिष्ठाचा चेहरा फुलला होता. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "काय वाजवतात हो बाई, आख्खा ऑर्केस्ट्रा आणलाय!" नलिनीने फाइलचं पान उलटलं. पुढचं नाव मालनचं होतं.

वसुधाताई निवेदन करायला लागल्या. मालन माइकपाशी येऊन उभी राहिली, पदर सारखा केला. शर्मिष्ठाने ताल बदलला, व्हायोलिनं लावली, कपाळावरचा घाम टिपला. नलिनीने पडद्याकडे बघितलं. कोपऱ्यात शून्य होतं. अपूर्वाचं गाणं मूळ पट्टीत होतं, तेच राहून गेलं होतं. तीन खाली घ्यायला शर्मिष्ठा विसरली होती.

वसुधाताईंचं निवेदन लांबलचक असायचं. नलिनीपाशी भरपूर वेळ होता. नुसतं कोपराने ढोसलं असतं तरी झालं असतं. "तीन," एवढा एक शब्द पुरे होता. तो जिभेवर आलाही होता. तेवढ्यात पुन्हा त्या आजोबांचा आवाज आला, "या बाईंचं नाव काय हो, वाजवणाऱ्या?" आणि नलिनीच्या मनात आलं, कळू दे. एकदा कळू दे सगळ्यांना, नुसत्या व्हायोलिनांनी होत नाही.

तिने तोंड मिटलं. सुरुवातीचे सूर वाजले. मालनने ऐकलेल्या सुरावर गाणं उचललं, उचलतानाच तिची मान ताठ झाली. जुनं भावगीत होतं, धृपद खालच्या सुरांत फिरणारं, ते तिने कसंबसं ओढून नेलं. मग मधलं संगीत आलं. तेवढ्यात मालनने वळून कीबोर्डकडे बघितलं. शर्मिष्ठाकडे नाही, नलिनीकडे. नलिनीने फाइलमध्ये डोळे घातले आणि एक पान उगाचच सरळ केलं.

अंतरा वर जाणारा होता. दुसऱ्या ओळीला मालनचा आवाज फाटला. तिने खाकरून पुन्हा धरायचा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मागे वीस व्हायोलिनं सुरेल वाजत होती, त्यामुळे ते आणखीच भेसूर वाटलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मालन थांबली. लोकांना हात जोडले आणि चालत विंगेत निघून गेली. शर्मिष्ठाचे हात आणखी दोन मात्रा वाजवत राहिले. मग तिने पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"तीन," ती पुटपुटली. "नलिनीताई, माझं तीन खाली घ्यायचं राहिलं."

कार्यक्रम पुढे कसाबसा पार पडला. मालन कुणाला न सांगता रिक्षा करून निघून गेली होती. सामान आवरताना शर्मिष्ठा "माझ्याकडून पट्टी खाली घ्यायची राहिली" म्हणत रडत होती आणि तिची समजूत कुणी घालत नव्हतं. अपूर्वा तर सरळ म्हणाली, "एवढं भारी मशीन घेऊन काय उपयोग ताई? नलिनीताईंच्या हातून अठरा वर्षांत असं झालं नाही." वसुधाताईंनी मान हलवली. "पुढच्या बुधवारी नलिनी, तू तुझाच कीबोर्ड आण."

नलिनीला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. घरी जाताना रिक्षात तिने गाण्यांची फाइल उपडी करून बाजूला ठेवली.

सोमवारी ती अंधेरीला गेली नाही. दुकानातून फोन आला, तो तिने वाजू दिला. बुधवारी सांगितलं, बरं वाटत नाही. मालनला तिने चार वेळा फोन केला, तिने घेतला नाही. गुरुवारी सकाळी शर्मिष्ठाचाच फोन आला.

"मी मालनताईंच्या घरी गेले होते," ती म्हणाली. "त्यांनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत काही. मी आता मंडळात वाजवणार नाही, नलिनीताई. माझी लायकी नाही. तुम्ही एवढ्या विश्वासाने मला सांगितलं होतंत."

नलिनीने फोन ठेवला, चप्पल घातली आणि तशीच निघाली. नदीवरचा पूल ओलांडून चाळीत पोचली. मालन दारात मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. नलिनी तिच्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसली.

"मालन, मला दिसलं होतं," ती म्हणाली. "पडद्यावर. तू गायला लागायच्या आधी. मी तिला सांगितलं नाही."

मालन मेथीची पानं खुडत राहिली. ती एरवी सगळ्यांसारखं मुंबईचं मराठी बोलायची. फार आनंद झाला किंवा फार राग आला तरच मालवणीवर यायची.

"माका ठावक हा," ती म्हणाली.

"कसं?"

"मी तुझ्याकडे बघलंय. तू खाली बघलंस. तीस वर्सा तुका वळाखतंय गो, नली. तू कधी कागद बघून वाजवलंस? तेव्हाच माका कळला."

मालनने जुडी बाजूला ठेवली. "माझा आवाज फाटलो, त्येचा माका कायएक नाय. कधीतरी फाटतलोच होतो. पण तू त्या बाईचा वायट व्हया म्हणान माका मदे ठेवलंस. वाटेर दगड कसो ठेवतत, तशी."

"चुकलं माझं."

"चुकला नाय. केलंस तू." मालन उठली, आत गेली. नलिनीला वाटलं, दार लावून घेईल. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिच्यासमोर ठेवला. "आता सगळी त्या बाईक बोलतत, तां बरा दिसता तुका? बुधवारी सगळ्यांसमोर सांग. मगे माझ्याकडे ये. तोवर येव नको."

पुढच्या बुधवारी नलिनी हॉलमध्ये कीबोर्ड न घेता गेली. शर्मिष्ठा येणार नव्हती, तिला नलिनीने स्वतः तिच्या टॉवरखाली जाऊन आणलं. सगळ्या बसल्यावर ती उभी राहिली. बोलायचं तिने पाठ केलं होतं, पण ऐन वेळी ते काहीच आठवलं नाही. "पडद्यावर शून्य होतं ते मला दिसलं होतं," ती म्हणाली. "मी मुद्दाम गप्प बसले. मला शर्मिष्ठाचा हेवा वाटत होता. अजून वाटतो. तिची चूक नव्हती."

अपूर्वा म्हणाली, "शी! काय हे नलिनीताई!" आणि तोंड फिरवून बसली. वसुधाताईंनी चष्मा काढून पुसला.

शर्मिष्ठाने हातातल्या रुमालाची घडी घातली. "मी दहा दिवस झोपलेले नाही," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि म्हणून जास्त लागला. "मला वाटलं, माझ्यामुळे एका बाईचं गाणं गेलं. तुम्ही तेव्हाच सांगू शकला असतात. तिथे नाही, तर निदान घरी जाताना." ती उठली. "मला थोडे दिवस तुमच्याशी बोलायचं नाही. वाजवायला मी येईन. मालनताईंसाठी येईन."

ती आली. नलिनी मात्र दोन महिने बुधवारी गेली नाही. कुणी बोलवलंही नाही. मालनही अजून हॉलकडे फिरकत नव्हती, त्यामुळे नलिनी बुधवारीच, त्याच वेळी, तिच्याकडे जायला लागली. पहिल्या दिवशी मालनने तिला नुसती मेथी निवडायला लावली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "पेटी असती तर जरा सूर लावला असता." ती पुन्हा मुंबईच्या बोलीवर आली होती, तेवढ्यानेच नलिनीला हायसं वाटलं.

पण म्हशीला पूल ओलांडून चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चढवणं अशक्य होतं. नलिनीने एकदा करून बघितलं आणि पाठ धरली. मग ती पुन्हा अंधेरीच्या दुकानात गेली. या वेळी मालनही बरोबर होती, अबोली रंगाची साडी नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. विक्रेत्याने ओळखलं. "काकी, ते वरचं मॉडेल गेलं. दुसरं मागवावं लागेल."

"नको," नलिनी म्हणाली. "खांद्याला अडकवून जिना चढता येईल असा दाखवा."

त्याने तीन दाखवले. पट्ट्या जरा कडक, पडदा काड्यापेटीएवढा. मालन म्हणाली, "वाजव." नलिनीने सूर धरला आणि मालनने तिथेच, गिऱ्हाइकांच्या देखत, गाणं म्हटलं. खालच्या पट्टीत, भरदार. पहिल्या दोन कीबोर्डची ढोलकी तिला पत्र्याच्या डब्यासारखी वाटली. तिसऱ्याला म्हणाली, "चालेल." मग विक्रेत्याकडे वळून म्हणाली, "माझा आवाज खाली गेलाय, ऑपरेशन झालं ना. मला इथेच गावं लागतं." असं ती कुणा परक्याला पहिल्यांदाच सांगत होती.

नलिनीने तोच घेतला. दिवाळीनंतर वसुधाताईंचा फोन आला, आणि एका बुधवारी ती तो खांद्याला लावून मालनबरोबर हॉलमध्ये गेली. अपूर्वा जेमतेम हसली. शर्मिष्ठा मोठ्या कीबोर्डमागे बसली होती, उठून जवळ आली. त्यांच्यात आता बोलणं होतं, जेवढ्यास तेवढं. तिने वाकून नवा कीबोर्ड नीट बघितला, दोन पट्ट्या दाबल्या.

"छान आहे. हलका आहे ना," ती म्हणाली.

नलिनीने तिच्या चेहऱ्यावर कुठे हेवा दिसतो का ते बारकाईने शोधलं. नव्हता. तिला किंचित वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. मग शर्मिष्ठाने विचारलं, "तुम्ही कुठे बसता? इकडे की माझ्या पलीकडे?" आणि मालन पाठीमागून म्हणाली, "कुठेही बसा गं, पण लवकर बसा, मला साडेपाचला पाणी भरायला जायचंय."